दुसऱ्या तारेचा इतिहास

१/ श्रीरामपूरचा औद्योगिक इतिहास आपण कसा सांगतो? हरेगावची बेलापूर कंपनी, १९३३ साली महादेव डहाणूकरांनी स्थापलेली टिळकनगरची साखर गिरणी, १९५० साली सुरू झालेला लोणीचा सहकारी कारखाना. संस्थापक, चिमणी, गाळपाचे आकडे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा उल्लेख आला, तरी तो एकाच वाक्यात येतो: ‘विजेचा धक्का लागून मृत्यू.’

२/ या वाक्याला कर्ता नाही. वीज जणू आकाशातून पडली! माझा आक्षेप याच व्याकरणावर आहे. ते अपघाताला दैव ठरवते आणि इतिहासकार ते निमूटपणे उतरवून घेतो.

३/ वस्तुस्थिती पाहा. भारतीय विद्युत नियम, १९५६. त्यातला नियम ६१ सांगत असे की, मोटारीची चौकट आणि वीज नियंत्रित करणाऱ्या उपकरणांचे धातूचे भाग दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूमीशी जोडलेले असले पाहिजेत. स्टार्टर व कंट्रोल पॅनेल यातच आले. जबाबदारी मालकाची.

४/ दोन का? एक तार गंजली, नटबोल्ट सैल झाला, तरी दुसरी शिल्लक राहावी म्हणून. साखर कारखान्यात फरशी ओली, हवेत वाफ, सर्वत्र रसाचा चिकटा. अशा जागी एकाच तारेवर विसंबणे म्हणजे कामगाराचा जीव एका नटावर टांगणे होय.

५/ ‘खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, झाले अर्थिंग’ हा समज तितकाच घातक आहे. खड्ड्याचा रोध ४ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडचा १ ओहम धरा. २३० व्होल्टला प्रवाह येतो केवळ ४६ अँपिअर. ६३ अँपिअरचा फ्यूज उडत नाही आणि यंत्राची बॉडी सुमारे १८४ व्होल्टवर तशीच जिवंत राहते.

६/ म्हणून बाँडिंग. यंत्राची चौकट, पॅनेल, नळ, जिने हे सारे धातू एकमेकांना आणि पुढे न्यूट्रलच्या भूमी-जोडणीला धातूच्याच वाटेने जोडायचे. मग दोषप्रवाह मोठा होतो, फ्यूज उडतो आणि दोन हातांत दोन वेगळे दाब येत नाहीत. संगणकीय नियंत्रणासाठी ‘स्वच्छ’ म्हणून वेगळा, कशालाच न जोडलेला खड्डा खणणारे हीच वाट तोडतात.

७/ यावर उत्तर ठरलेले असते: ‘त्या काळी एवढे कोणाला ठाऊक होते?’ ठाऊक होते. नियम १९५६ चा आहे. अर्थिंगची भारतीय मानक संहिता, आयएस ३०४३, १९६६ ची. दोन जोडण्यांची अट २०१० च्या विनियमांतही कायम राहिली. अज्ञानाची सबब कागदावर टिकत नाही.

८/ कागदही आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ नुसार प्राणघातक अपघाताची सूचना देणे व्यवस्थापकावर बंधनकारक होते. मित्रांनो, कारखान्याचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेबरोबर या सूचनाही मागा. ‘धक्का लागून मृत्यू’ असे वाचले की तेथेच थांबून विचारा: दुसरी तार कुठे होती? उत्तर मिळेपर्यंत ‘दैव’ हा शब्द लिहू नका.