इंजिन बदललं की गाडी 'विंटेज' राहत नाही म्हणे!

देवपुरात अजूनही एखाद्या ओट्याशेजारी ताडपत्रीखाली आजोबांची फियाट दिसते. नातू ती परत चालू करायला घेतो. बॉडी ठोकून होते, सीटा शिवून मिळतात, आणि सगळं अडतं इंजिनाशी. ब्लॉक तडकलेला, बोअर करून करून स्लीव्हलाही जागा उरली नाही. दुसरं इंजिन पाहिजे.

आता गंमत बघा मंडळी. जुलै 2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटली की गाडी विंटेज, 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट, नव्या नोंदणीची फी 20 हजार. ठीक. पण अट काय, तर गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल नको.

ज्यांच्या गाड्या राजवाड्याच्या गॅरेजात झाकून उभ्या होत्या, त्यांचं इंजिन मूळच राहणार ना भो! आमच्या फियाटनी मे महिन्याच्या उन्हात वऱ्हाडं ओढली, वणीच्या घाटात उकळल्या. चाललेल्या गाडीचं इंजिन झिजतं. वापरली म्हणून ती अपात्र?

तसं इंजिन मिळत नाही असंही नाही. प्रीमियरने कुर्ल्यात फियाट 1100 बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली, आणि 1089 सीसीचं इंजिन मुळात तेच राहिलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. तोवर किती टॅक्सी मोडल्या आणि त्यांची इंजिनं किलोवर गेली! आजही भंगारात धड ब्लॉक सापडतो, त्याचा कागद मात्र सापडत नाही. कोणत्या गाडीचं, चोरीचं तर नाही, भंगारवाल्याला काय माहीत? आरसीवर इंजिन नंबर बदलायचा तर आरटीओ कागद मागणारच, त्यात त्यांचं चुकत नाही. मग काही जण पंच घेऊन जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकतात. हा सरळ गुन्हा आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. पण सरळ माणसासाठी सरळ रस्ता ठेवलाय का कुणी?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. किमान दहा ट्रान्सपोर्टच्या गाड्या असलेल्या मालकाला त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी मंजुरी न घेता बसवायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. नंतर 14 दिवसांत कळवलं की झालं. म्हणजे तसंच इंजिन बसवणं ही दुरुस्ती आहे, हे कायद्याला समजतं. दहा ट्रकवाल्याला जे चालतं, ते एका फियाटवाल्याला का नाही?

त्याच मेकचं इंजिन बसवलं तर तो फेरबदल धरू नये, एवढी एक ओळ विंटेजच्या नियमात घाला. आणि गाडी मोडणाऱ्याने इंजिनाला नंबरसकट दाखला द्यावा, म्हणजे पंच मारायची वेळच येणार नाही.

निवडणुकीत पुढारी उघड्या जुन्या जीपमधून हात हलवत देवपुरातून जातात. त्या जीपमध्ये इंजिन कोणत्या कंपनीचं आहे, विचारा एकदा.