देवी 'वणी'ची, गड कळवणचा! सप्तशृंगगडाचा वारसा म्हणजे फक्त मूर्ती नव्हे

राज्यात कुठेही विचारा, सप्तशृंगीची ओळख 'वणीची देवी' अशीच आहे. पण वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे, तर सप्तशृंगगड आणि पायथ्याचे नांदुरी ही गावे कळवण तालुक्यात येतात. नाशिकहून येणारी जुनी वाट वणीवरून जात असल्याने तेच नाव रूढ झाले. 2027 च्या सिंहस्थात नाशिकला येणारे लाखो भाविक गडाकडेही वळतील. त्याआधी इथे नेमके काय जपायचे, हे ठरायला हवे.

अर्धे शक्तिपीठ का?

कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे आणि सप्तशृंगी हे अर्धे, अशी राज्यातील साडेतीन शक्तिपीठांची परंपरा आहे. सातमाळा रांगेतल्या कड्यातच कोरलेली ही अठरा हातांची मूर्ती. देवीची मान किंचित कललेली दिसते. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषींनी सांगितलेले देवीमाहात्म्य ती ऐकते आहे, असे भाविक मानतात.

2022 मध्ये काय बदलले?

शेंदूर म्हणजे मुख्यतः शिशाचे ऑक्साइड. तेलात कालवून तो वर्षानुवर्षे लावला की थरावर थर घट्ट बसतात. मूर्तीवरील असे थर काढण्यासाठी जुलै 2022 मध्ये दर्शन बंद ठेवण्यात आले. पुरातत्त्व विभागाचे मार्गदर्शन घेऊन एक टनाहून अधिक शेंदूर उतरवला गेला आणि नवरात्रात, 26 सप्टेंबरला, भाविकांना देवीचे मूळ रूप दिसले. कामाला वेळ लागला, पण घाई झाली नाही. हाच या कामाचा धडा आहे.

पायऱ्या कोणी बांधल्या?

गडाच्या जुन्या पायऱ्यांचे श्रेय उमाबाई दाभाडे यांना दिले जाते. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या या पत्नीचे माहेर कळवण तालुक्यातलेच, अभोण्याचे. पती 1729 मध्ये गेले, 1731 मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडला. त्यानंतर दाभाड्यांचा कारभार उमाबाईंनीच पाहिला. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये पायऱ्यांवरील शिलालेखांचीही नोंद आहे. 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ज्येष्ठांची, आजारी भाविकांची मोठी सोय झाली, पण पाचशेच्या आसपास पायऱ्या चढणारे कमी झाले. वापर घटला की लक्षही घटते.

शिखरावरचा ध्वज

चैत्र पौर्णिमेला आणि नवरात्रात शिखरावर कीर्तिध्वज फडकतो. तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. शिखरावर जायला बांधलेली वाट नाही. रात्रीच्या अंधारात हा कडा चढण्याचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे आले आहे. चैत्रोत्सवात धुळे, जळगाव, नंदुरबारहून दिवसेंदिवस पायी येणारे भाविक हाही याच वारशाचा भाग आहे.

धोका कुठे आहे?

हा सगळा भार एका डोंगरावर आहे. जानेवारी 2008 मध्ये घाटात बस दरीत कोसळून 43 भाविकांचा मृत्यू झाला. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीचे पाणी लोंढ्यासारखे पायऱ्यांवरून आले आणि भाविक जखमी झाले. एवढ्याशा पठारावर काँक्रीट वाढले की पाणी मुरत नाही, मिळेल त्या वाटेने धावते. म्हणून शिवालय तीर्थासारखी जुनी कुंडे केवळ स्नानाची ठिकाणे नाहीत, ती गडाची पाण्याची व्यवस्था आहे.

आता काय करायला हवे?

सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, वाहनतळ, निवास यांची चर्चा होणारच, आणि ती हवीच. पण नव्या फरश्या बसवण्याआधी प्रत्येक शिलालेखाचे छायाचित्र आणि ठसा घेतला जावा. कुंडे आणि ओहोळ मोजून नकाशावर यावेत. बांधकामाची परवानगी देताना डोंगराची क्षमता पाहिली जावी. देवस्थान, ग्रामपंचायत, वन विभाग आणि पुरातत्त्व विभाग एकत्र बसले तर हे काम फार खर्चाचे नाही.

मूर्तीसाठी दर्शन बंद ठेवण्याचा कठीण निर्णय झाला आणि भाविकांनी तो समजून घेतला. तेवढाच संयम पायऱ्या, पाणी आणि कड्यांसाठी दाखवायला हवा. मूर्ती ज्या कड्यात कोरली आहे, तो कडा सांभाळला तरच मूर्ती सांभाळली जाईल.