‘चेंज’ आणि ‘सीन’

परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं ‘कीप द चेंज’चा अर्थ लिहिला, ‘बदल टिकवून ठेवा’! हसू नका, मुलं पहिला अर्थ तेवढा पाठ करतात. इथं अर्थ आहे, ‘उरलेले पैसे तुम्हालाच राहू द्या.’ कंडक्टरला हवे असतात ते सुटे पैसे म्हणजे चेंज. लग्नाहून आल्यावर आपण चेंज करतो ती साडी. पण ‘चेंज अ‍ॅट कल्याण’ म्हणजे कल्याणला गाडी बदला, कपडे नव्हेत!

‘सीन’ म्हणजे नाटकातला प्रवेश. डोंगरदऱ्यांचा देखावा ती ‘सीनरी’. तिचं अनेकवचन होत नाही, मुलांना ‘सीनरीज’ लिहू देऊ नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तंबू. नट त्यात पोशाख बदलत. म्हणजे सीनच्या मुळाशीही चेंजच की!

आणि ‘सीन करणे’ म्हणजे चारचौघांत तमाशा करणे. गेल्या आठवड्यात दुकानदारानं वीस रुपये कमी परत दिले. मी मागितले, तर आमचे हे हळूच म्हणाले, “सीन करू नकोस.”

म्हटलं, “अहो, सीन कसला? माझा चेंज मागतेय.”

दुकानदारानं निमूटपणे वीसची नोट काढून दिली. हे मात्र घरी येईपर्यंत गप्पच होते.