रोख की मेडिक्लेम?

प्रति,
अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

चलथाण हे सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातलं गाव. सहकारी साखर कारखाना, पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि उधन्याहून बारडोली, नवापूर, नंदुरबार करत जळगावला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. याच मार्गाने खानदेशातली हजारो कुटुंबं सुरतेच्या कापडधंद्यात आली. त्यांतल्या एखाद्याची कंबर धरते, पाय बधिर होतो आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: कमरेचा एमआरआय.

सेंटरच्या खिडकीवर त्याला ‘कुठं दुखतंय’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, ‘कॅश छे के मेडिक्लेम?’ पुढचा भाव या उत्तरावर ठरतो. रोखीत थोडी घासाघीस चालते. मेडिक्लेम म्हटलं की करारातला दर लागतो. तो रोखीपेक्षा कमी असेल, जास्तही असेल; हप्ता भरणाऱ्याला मात्र तो बिल हाती पडेपर्यंत दिसत नाही. मशीन तेच, फिल्म तीच, रिपोर्टवर सही करणारा डॉक्टरही तोच.

मुळात नुसत्या एमआरआयला बहुतेक पॉलिसी पैसेच देत नाहीत. फक्त तपासणीसाठी दाखल होणं प्राधिकरणाच्याच प्रमाणित अपवादांच्या यादीत बसतं. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मिळतो, पण त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावं लागलं तरच. मग ‘एक दिवस ॲडमिट होऊन जा’ हा सल्ला जन्माला येतो. पाच-सात हजारांच्या तपासणीसाठी खाट, सलाईन आणि डॉक्टरची फेरी, सगळंच बिलात चढतं.

रोख आणि विमा अशा या दुहेरी भावाला एकदा सरकारी शिक्काही बसला होता. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने छातीच्या एचआरसीटी या सीटी स्कॅनचे कमाल दर ठरवले: 16 स्लाइसखालच्या मशीनवर 2000 रुपये, 16 ते 64 स्लाइसवर 2500, त्यावरच्या मशीनवर 3000. फिल्म, रिपोर्ट, पीपीई किट, सारं त्यातच. दर दर्शनी भागात लावायचे होते. मात्र त्याच निर्णयात एक ओळ होती: ज्याच्याकडे आरोग्य विमा आहे, त्याला हे दर लागू नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षं हप्ते भरणाराच संरक्षणाबाहेर! एप्रिल 2021 मध्ये गुजरातनेही याच तपासणीला 3000 रुपयांची मर्यादा घातली. मनात आणलं तर भाव बांधता येतो, एवढं दोन्ही राज्यांनी दाखवलं.

‘जास्तीचे पैसे कंपनी भरते, तुमचं काय जातं?’ असं सेंटरवाले समजावतात. हिशेब करून पाहावा. समजा, रोखीत 5000 चा एमआरआय विम्यात 8000 ला पडला. खर्चात पाच टक्के सहभाग असलेल्या विमाधारकाचा वाटा 250 वरून 400 झाला. शिवाय वर्षभराच्या विमारकमेतून 2850 रुपये उगाच आटले आणि पुढच्या हप्त्याचा आधार असलेली दाव्यांची बेरीज फुगली. पैसे कंपनीचे नव्हेत, हप्ते भरणाऱ्यांचे जातात.

दवाखान्यांवर प्राधिकरणाचा थेट अंकुश नाही, हे मान्य. वैद्यकीय आस्थापनांच्या 2012 च्या केंद्रीय नियमांत दर स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावायला सांगितलं आहे. त्यांची अंमलबजावणी हा राज्यांचा प्रांत. पण विमा कंपन्या तर प्राधिकरणाच्याच हाताखाली आहेत. 2020 मध्ये प्राधिकरणाने बजावलं होतं की महागडी खोली घेतली म्हणून तपासण्यांच्या खर्चाला प्रमाणशीर कात्री लावता येणार नाही. कंपन्यांनी ते पाळायला घेतलं. तीच जरब इथं चालेल.

तेव्हा मागणी एवढीच. प्रत्येक कंपनीने आपल्या नेटवर्कमधल्या दवाखान्यांशी ठरवलेले एमआरआय, सीटी आणि सोनोग्राफीचे दर विमाधारकाला तपासणीआधी दाखवावेत, गुजराती, मराठी, हिंदीत. करारात अट घालावी की विमाधारकाला लावलेला दर त्याच सेंटरच्या रोख दरापेक्षा जास्त नसेल. आणि एमआरआयसाठी खोटी खाट अडवावी लागू नये म्हणून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मोठ्या तपासण्यांचा खर्च दाखल न होताही मिळेल अशी सोय साध्या पॉलिसीत करावी.

आपला,
चलथाणचा एक विमाधारक