अडगळीला काटकसर म्हणू नका

आमच्या उपनगरातल्या एका व्याख्यानमालेत नुकतीच एका विद्वान गृहस्थांनी घरातल्या अडगळीची वकिली केली. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांच्यासारखे बोलणारे घरोघरी आहेत आणि माझे भांडण त्या बोलण्याशी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. घर रिकामे करणे हे पोट भरलेल्यांचे खूळ. आपल्या आज्या चिंधीसुद्धा टाकत नसत, तेव्हा साठवून ठेवणे हीच आपली रीत. लोकांनी खरेदी थांबवली तर कारखाने चालायचे कसे? वस्तूंमध्ये आठवणी असतात. घराबाहेर काढलेली वस्तू अखेर कचऱ्याच्या डोंगरावरच जाते, मग ती आपल्या माळ्यावर राहिली तर कोणाचे काय बिघडले? आणि ज्या जपानी बाईंनी साऱ्या जगाला घर आवरायला शिकवले, त्यांनी स्वतःच तिसऱ्या मुलानंतर हात टेकले! या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांपासूनच सुरुवात करते. त्या जपानी बाई म्हणजे मारी कोंडो. त्यांचा कार्यक्रम २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, आणि तीन मुलांच्या संसारात घर पूर्वीसारखे टापटीप राहत नाही, हे त्यांनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितले, हे खरे. तीन लहान मुले असलेल्या घरात पसारा असणारच. जमिनीवर पडलेली खेळणी वापरात असतात. प्रश्न आहे तो खोक्यातून कधी बाहेरच न आलेल्या फूड प्रोसेसरचा, कपडे वाळत घालण्यापलीकडे ज्याचा उपयोग उरला नाही त्या ट्रेडमिलचा, पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवलेल्या आणि पाहुणे येतात तेव्हा हमखास न सापडणाऱ्या डिनर सेटचा. हा फरक वक्त्यांना कळत नसेल असे मी मानत नाही. त्यांना टाळी हवी होती, ती त्यांनी मिळवली.

आता आज्यांकडे येते, कारण मला खरा संताप आला तो तिथे. आपल्या न वापरलेल्या खरेदीला आजीच्या काटकसरीचा दाखला देणे हा त्या बायकांवर अन्याय आहे. आजीच्या घरात नेमके काय चालत असे ते आठवून पाहा. लुगडे एक अंगावर, एक दांडीवर आणि एक ट्रंकेत. अंगावरचे विरले की त्याचे बरे भाग जोडून, दंड घालून ते पुन्हा नेसले जाई. तेही विरले की त्याची गोधडी होई, नाही तर बाळाची दुपटी होत. गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई आणि पोतेरे संपेपर्यंत झिजे. तांब्या-पितळेच्या भांड्यांचेही तेच. कल्हईवाला दारात भाता लावून बसे, भांडे तापवून नवसागर टाकी, कथील फिरवी आणि तेच पातेले पुन्हा स्वयंपाकाला लागे. अगदीच चेपले, फुटले तर ते मोडीत जाई. दुकानदार ते तोलून घेई, मोडीची किंमत नव्या भांड्यातून वजा करी आणि जुना धातू पुन्हा कारागिराच्या हातोड्याखाली जाई. पुण्यातली तांबट आळी अशाच कामावर उभी राहिली. डोक्यावर पाटी घेऊन येणारी बोहारीण जुने कपडे नेई आणि स्टीलचा डबा, कढई देई. ते कपडे पुढे आणखी कोणाच्या अंगावर चढत.

या सगळ्यात एकही वस्तू वर्षानुवर्षे निजून राहिलेली नाही, हे वक्त्यांच्या ध्यानात कसे आले नाही? आजी चिंधी टाकत नसे, कारण चिंधीला पुढचे काम ठरलेले असे. घरात येणारी वस्तूही विचार करून, पैसे जुळवून येई आणि आली की तिच्यावर नाव घातले जाई. आज दसऱ्याच्या सेलमध्ये रात्री बारा वाजता बोटाने दाबून मागवलेल्या सँडविच टोस्टरला या परंपरेत बसवणे म्हणजे आजीचे नाव लावून भलतेच बिल खपवणे आहे.

शिवाय आजी घर काढत असे. नवरात्राच्या आधी फडताळातले, कोनाड्यातले, उतरंडीतले सगळे बाहेर येई, गोधड्या नदीवर जात, भिंतींना हात फिरे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालवायची रीत अजूनही पुष्कळ घरांत पाळतात. दर वर्षी एकदा घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायची, लागेल ती ठेवायची आणि न लागेल ती मार्गी लावायची, हे आपल्याकडे जपानकडून आलेले नाही.

आणि एका वस्तूवर किती घरे चालत! वाड्यात, चाळीत होळीच्या दिवशी एकच पुरणयंत्र साऱ्या मजल्यांवरून फिरे. शेवेचा सोऱ्या शेजारून येई आणि जाताना त्यात वाटीभर शेव जाई. मोठे पातेले कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक असे. आज सात मजली इमारतीत प्रत्येक दारामागे एक ड्रिल मशीन आहे, आणि ते भिंतीला भोक पाडायला वर्षातून जेमतेम एकदा बाहेर येते.

हाच वाद मी पूर्वी संक्रांतीच्या वाणावरून घातला आहे. तेव्हा एका गृहस्थांनी मला मासिकातून कळवले होते की मी बायकांच्या साध्यासुध्या आनंदावर घाला घालते आहे. त्यांना तेव्हा जे सांगितले तेच आज पुन्हा सांगते. सुगडात ऊस असे, बोरे असत, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. आठ दिवसांत सगळे खाऊन संपे. लुटायचे ते असे लुटायचे. आता घाऊक बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या डब्या वाटल्या जातात. त्या घेणारीला नको असतात, देणारीला हे ठाऊक असते, आणि पुढच्या वर्षी त्याच डब्या तिसऱ्या घरी जातात. यातला आनंद मला कोणी दाखवून द्यावा. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणाऱ्यांनाही तेव्हा याच मंडळींनी शिष्ट म्हटले होते. आज ती ओळ छापणारी घरे वाढली आहेत, आणि लग्नात एकाला तीन मिक्सर येण्याचे प्रकार त्याच घरांत थांबले आहेत.

साठवणाऱ्यांचे ठेवणीतले शस्त्र म्हणजे ‘लागेल कधीतरी’. माझे उत्तर असे की माळ्यावरची वस्तू तुमची वाट पाहत ताजी राहत नाही. रबर कडक होते, तडकते. न वापरलेल्या कुकरची रिंग काढून पाहा. पॉलियुरेथेनच्या तळव्याचे बूट नुसते ठेवले तरी हवेतल्या ओलाव्याने त्यांचा तळ विरतो आणि काही वर्षांनी पायात घालताच त्याचे तुकडे पडतात. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज न करता पडून राहिली की आतल्या प्लेटांवर गंधकाचे क्षार जमतात आणि ती कायमची बसते. वॉरंटी तर खरेदीच्या तारखेपासून संपत जाते, तुम्ही खोके उघडा वा न उघडा. म्हणजे ‘लागेल’ तो दिवस उजाडेपर्यंत ती वस्तू बहुधा लागण्याजोगी उरलेली नसते. दुसऱ्या कोणाला ती आजच लागत होती, आणि त्यालाही ती मिळाली नाही.

शिवाय ही राखण कोण करते? व्याख्यान देणारे गृहस्थ दिवाळीला माळ्यावर चढत असतील असे मला वाटत नाही. खोकी उतरवणे, पुसणे, पुन्हा रचणे, उन्हाळ्यात झुरळांची औषधे, पावसाळ्यात बुरशी, हे घरातल्या बाईच्या आणि कामाला येणाऱ्या ताईंच्या वाट्याला येते. ज्या वस्तूचा घरात कोणालाच उपयोग नाही, तिच्यासाठी दर वर्षी दोन बायकांनी कंबर मोडून घ्यायची, आणि व्यासपीठावरून त्याला संस्कृती म्हणायचे!

जागेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. धरा, चौरस फुटाला दहा हजार रुपये दिले. पडून राहिलेल्या सामानाने माळे, पलंगाखालचा भाग, गॅलरीचा कोपरा मिळून तीस चौरस फूट अडवले, तर तीन लाख रुपयांची जागा अडवली. साडेआठ टक्क्यांचे वीस वर्षांचे कर्ज असेल तर व्याजासकट त्याचे सहा लाखांवर जातात. दोन हजारांचा टोस्टर ‘टाकवत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहावा. मुंबई-पुण्याकडे इमारती पुनर्विकासाला जातात आणि कुटुंबांना भाड्याच्या लहान घरांत जावे लागते, तेव्हा हा हिशेब एका दिवसात समोर येतो. वर्षानुवर्षे न उघडलेली खोकी खाली येतात आणि त्यांच्यासाठी टेंपोच्या जास्तीच्या फेरीचे पैसे मोजावे लागतात.

आठवणींबद्दल एवढेच: आजोबांचा चष्मा ठेवा, आईची पैठणी ठेवा, कोणी हात लावणार नाही. एअर फ्रायरमध्ये कोणाची आठवण आहे?

कारखान्यांबद्दल: २०२२–२३ मध्ये आपल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतली नीचांकी पातळी. कारखाने चालवण्याचे ओझे आता तरी घरच्या हप्त्यांवर टाकू नये. मिक्सर दुरुस्त करणारा, गाद्या पिंजणारा, चपला शिवणारा हाही रोजगारच आहे, आणि तो आपल्याच गल्लीत असतो.

पोट भरलेल्यांचे खूळ, या आरोपावर मात्र गप्प बसता येत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ खराटा आणि मडक्याचे खापर एवढेच ठेवले. यांची पोटे भरलेली होती म्हणून त्यांना हे सुचले काय? हातावर पोट असलेला माणूस जुना पत्रा, सायकलची ट्यूब जपून ठेवतो, कारण त्याला नवीन परवडत नाही आणि तो ती खरोखरच वापरतो. त्याचा आधार घेऊन आपल्या सेलमधल्या खरेदीची बाजू मांडू नये.

राहिला कचऱ्याचा डोंगर. या एका मुद्द्यात तथ्य आहे. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर साऱ्या शहराने श्वासात घेतला. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. पण यावरून माळा भरून ठेवावा असे कसे ठरते? माळ्यावर मेलेला मिक्सर अखेर त्या डोंगरावरच जाणार. चालू स्थितीत तो दुसऱ्या घरी गेला असता तर तिथल्या नव्या मिक्सरची खरेदी टळली असती. जो खरोखर मेला आहे तो वायरी जाळून तांबे काढणाऱ्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा; एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

मग करायचे काय? माझे मागणे मोठे नाही. घरात येणारी वस्तू कोण, कधी, किती वेळा वापरणार हे पैसे देण्याआधी घरातल्यांनी एकमेकांना विचारावे आणि उत्तर महिन्यानंतरही तेच राहिले तर आणावी. शिडी, ड्रिल, मोठी पातेली सोसायटीच्या कार्यालयात एकेक ठेवावीत, वही ठेवावी, सगळ्यांनी वापरावीत. नवरात्राआधी माळा पूर्ण उतरवावा, आणि उतरवताना घरातल्या पुरुषांनी शिडीवर चढावे. न लागणारे सामान धुऊन, पुसून, चालवून पाहून द्यावे. मोडके-फाटके गरिबाच्या गळ्यात मारणे हे दान नव्हे. साधेपणाने राहणे मला एवढ्यातच दिसते. घरातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताखाली असावी.

आणि सुरुवात कुठून करायची असे कोणी विचारले तर एक विनंती. पुष्कळ घरांत कोणाच्या तरी आजारपणात आणलेले सामान पलंगाखाली असते: वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी. माणूस बरा झाला किंवा गेला, आणि ते काढायला कोणाचा हात धजला नाही. महाराष्ट्रात अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणारी केंद्रे आहेत. बहुतेक ठिकाणी थोडी अनामत घेऊन ते देतात आणि काम झाले की परत घेतात. तुमच्या जवळचे केंद्र शोधा आणि या आठवड्यात ते सामान तिथे पोहोचवा. आज संध्याकाळी एखाद्या घरात कोणाला तरी रुग्णालयातून घरी आणतील, आणि त्यांना ती खुर्ची हवी असेल.