गोठ्यातलं कॅल्शियम आणि घरातली बाळंतीण



आपल्या वस्त्यांत अनेक घरी एखादी शेळी आणि दोन-चार कोंबड्या असतात. गावाकडच्या वस्तीत म्हैसही असते. म्हैस व्यायला आली की घरात धावपळ सुरू होते. पेंड आणली जाते, औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते, रात्री उठून कुणीतरी तिच्याकडे बघून येतं. हे चांगलंच आहे. पण त्याच घरातली सून बाळंत होते, तेव्हा सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या फळीवरच्या डब्यात तशाच पडून राहतात. वस्तीत फिरताना हे आम्ही घरोघरी बघतो. जनावराचं करू नका, असं आमचं म्हणणं नाही. जनावराचं नीट करा, आणि तेच शास्त्र घरातल्या बाईलाही लावा, एवढंच म्हणणं आहे.

शास्त्र दोघींचं एकच आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं थोडं रक्तात आणि मांसात असतं, पण त्याच्यावरच हृदय, स्नायू आणि नसा चालतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. ओढायला वेळ पुरला नाही तर जनावर कोसळतं. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर हाडं पोकळ होतात.

आधी कोंबडीचं बघू. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियमचंच असतं, एका अंड्यामागे साधारण २ ग्रॅम. कवच पातळ येऊ लागलं, बिनकवचाचं अंडं पडलं किंवा कोंबडी लंगडायला लागली, तर कॅल्शियम कमी पडतंय असा संशय घ्यावा. शिंपल्याचा चुरा किंवा भाजून बारीक कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडी गरजेप्रमाणे खाते. लहान पिलांना मात्र हे घालू नका, जादा कॅल्शियमनं त्यांच्या मूत्रपिंडाला इजा होते.

म्हशीचं आणि शेळीचं जास्त जोखमीचं. व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत चिकातून एकदम खूप कॅल्शियम बाहेर जातं. जनावर अडखळतं, खाणं सोडतं, मग बसतं ते उठतच नाही. मान पोटाकडे वळवून ठेवतं, कान गार पडतात, शेण-लघवी थांबते. याला दुग्धज्वर म्हणतात, पण यात अंग तापत नाही, उलट गार पडतं. शेळीला पोटात दोन-तीन करडं असली तर व्यायच्या आधीही असा त्रास होतो. अशा वेळी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची ओवाळत बसलात तर जनावर हातचं जातं. १९६२ या नंबरवर फोन करा किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि बसलेलं जनावर बऱ्याचदा थोड्या वेळात उठून उभं राहतं. पण ते सावकाश द्यावं लागतं. घाईनं दिलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ज्याला-त्याला सुई टोचू देऊ नका. बसलेल्या जनावराला बाटलीनं काही पाजूही नका, गिळता न आल्यामुळे ते फुप्फुसात जातं.

शहरात हौसेनं लेपर्ड गेको नावाची परदेशी पाल काचेच्या पेटीत पाळतात. कॅल्शियम कमी पडलं की तिचा जबडा मऊ होतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. म्हणून तिच्या खाण्यातल्या किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून देतात. पाळलेल्या पालीची कुणी एवढी काळजी घेत असेल, तर ते चांगलंच. मग आपल्या लेकी-सुनांचं काय?

पोटातलं बाळ जन्मापर्यंत आईकडून २५ ते ३० ग्रॅम कॅल्शियम घेतं, त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. पुढे अंगावरच्या दुधातून रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम जातं. जेवणातून भरपाई झाली नाही तर ते आईच्या हाडांतून जातं. गरोदरपणी कॅल्शियम कमी असलं तर रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोकाही वाढतो, आणि त्यात आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. म्हणूनच सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या फुकट मिळायला हव्यात. एक सकाळी जेवणानंतर, एक रात्री जेवणानंतर. रक्तवाढीची गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. ‘या गोळ्यांनी पोर पोटात जास्त वाढतं, बाळंतपण अडतं,’ असं सांगून सासवा गोळ्या बंद करतात. यात काही तथ्य नाही.

खुणा ओळखा. पोटऱ्यांत गोळे येणं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणं, कंबर आणि मांड्यांची हाडं दुखणं, जमिनीवरून उठताना हाताचा टेका लागणं. लहान मुलात पाय धनुकलीसारखे वाकणं, मनगटं रुंद होणं, दात आणि चालणं उशिरा येणं. तान्ह्या बाळाला झटका आला तर देवऋष्याकडे नेऊ नका, थेट दवाखाना गाठा.

आता काही समजुतींबद्दल. पायाचं सूप आणि पांढरा रस्सा प्यायला की हाडं भरतात, असं आपल्या कोल्हापुरात सगळेच सांगतात. चवीनं जरूर प्या, पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. चुना खाऊन कॅल्शियम मिळवायला जाऊ नका, त्यानं तोंड भाजतं. आणि तंबाखू-मिश्रीबरोबर तो गेला तर कॅन्सरच घरात येतो. कोवळ्या उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व फार तयार होत नाही. त्यासाठी दहा-अकरा ते तीनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास ऊन घ्यावं लागतं, आणि ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी नीट लागत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत कोंडणं म्हणूनच चुकीचं. तान्ह्या बाळाला मात्र कडक उन्हात धरू नका, त्याला डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या.

खायचं काय? मोठ्या बाईला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तेवढ्याच तांदळात दहासुद्धा मुश्किलीनं. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या आपल्याच तालुक्यांत नाचणी पिकते. गरिबाचं धान्य म्हणून तिला हिणवलं आणि आपणही ती सोडली. नाचणीची भाकरी आणि आंबील, शेवग्याचा पाला, तीळ, काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी हे सगळं आपल्याला परवडणारं आहे. आणि दूध? दुधासाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात दूध डेअरीला जातं आणि बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं. ज्या घरात म्हैस आहे, त्या घरात गरोदर बाईचं एक पेलाभर दूध डेअरीच्या आधी बाजूला निघालं पाहिजे. हे काम पुरुषांनी करायचं आहे.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महिला कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनं उचलावा, असं त्यांनी मांडलं. म्हणजे बाळंतिणीचं आरोग्य हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. आरोग्य केंद्रात ‘गोळ्या संपल्या’ म्हणून सांगितलं तर गप्प परत येऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते, त्या दिवशी चार-पाच जणी मिळून जा आणि लेखी मागा. आशाताईला बरोबर घ्या.

विहारात रविवारी वंदनेला जमतो, तिथे एक गोष्ट सुरू करता येईल. वस्तीत कोण गरोदर आहे, कोण ओली बाळंतीण आहे आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, हे दर आठवड्याला विचारायचं. पाच मिनिटांचं काम आहे. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा, असं तथागतांनी भिक्खूंना शिकवलं होतं. ती शिकवण आपल्या घरातल्या बाईपर्यंत पोचली पाहिजे.

नमो बुद्धाय, जय भीम.