आधी हिशेब, मग झेंडी

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेन सागराच्या काठावर फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर धावणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. एरवी बस आणि रिक्षांनी गजबजलेला सचिवालयाजवळचा रस्ता काँक्रीटचे कठडे आणि जाळ्या लावून बंद केला होता. सुमारे २.८ किलोमीटरचा फेरा, त्यात १८ वळणं. फ्रान्सच्या ज्याँ-एरिक व्हर्नच्या बॅटरीत मागून येणाऱ्या मोटारीपेक्षा कमी वीज उरली होती, तरी त्याने निक कॅसिडीला शेवटपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही आणि अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने शर्यत मारली. खेळ अस्सल होता. पुढची शर्यत १० फेब्रुवारी २०२४ ला ठरली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाचं सरकार बदललं आणि जानेवारीत ती रद्द झाली. हैदराबादच्या फॉर्म्युला ईचा इतिहास एवढाच, एका शर्यतीचा.

जवळपास तीनशे किलोमीटरवरच्या, आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या उटनूरला याचं काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. पण तिजोरी एकच आहे. कापूस विकून आलेल्या पैशातून इथल्या बाजारात साबण घेतला तरी त्यावरच्या कराचा वाटा तिथेच जातो. करार काही वर्षांचा होता. पहिल्या वर्षीच्या खर्चाचा मोठा भाग खासगी प्रायोजकाने उचलला. तो मागे हटल्यावर हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाने शर्यतीपोटी, मुख्यतः परदेशी आयोजकांना, सुमारे ५५ कोटी रुपये दिले. वित्त विभागाच्या मंजुरीविना दिले, असा ठपका ठेवून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्री के. टी. रामाराव आणि अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. रामाराव यांनी आरोप फेटाळले आहेत. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. माझं म्हणणं त्याच्याही आधीच्या गोष्टीबद्दल आहे: शर्यत आणण्याचा निर्णय आणि ती मोडण्याचा निर्णय, दोन्ही लोकांना कळले ते होऊन गेल्यावर.

आदिवासी भागात पावसाळ्यात ओढा आडवा येऊन रुग्णवाहिका गुड्यापर्यंत, म्हणजे पाड्यापर्यंत, पोचत नाही, तिथे शर्यतीची चर्चा हवीच कशाला, असा सरळ आक्षेप आहे. त्यामागचा राग खरा आहे आणि तो मला पटतो. पण शर्यत रद्द झाली म्हणून ते पैसे पुलासाठी उटनूरच्या आयटीडीएकडे, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेकडे, आपोआप येत नाहीत. खर्च कुठल्या खात्यातून, कुणाच्या सहीने झाला हे उघड असेल, तरच पुलाची मागणी करणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. दुसरी बाजू म्हणते, पहिल्या शर्यतीने हैदराबाद भागाला सुमारे ८.४ कोटी डॉलरचा लाभ झाला. हा आकडा आयोजकांचा आहे. त्यातलं हॉटेलांना किती गेलं, सरकारकडे कराच्या रूपाने किती परतलं, हे सरकारने स्वतः मोजून सांगायला हवं होतं. शिवाय असा लाभ टिकतो तो शर्यत टिकली तरच. मोनॅको १९२९ पासून आणि मकाऊ १९५४ पासून नाव कमावत आले, ते एका फेब्रुवारीच्या बळावर नव्हे.

असे करार चव्हाट्यावर आणले तर कुणी सहीच करणार नाही, असंही म्हणतात. मेलबर्न हे त्याला उत्तर आहे. तिथल्या राज्याने १९९४ मध्ये ग्रांप्रीसाठी वेगळा कायदा केला, महामंडळ नेमलं आणि सरकारने किती पैसे घातले हे दरवर्षी अहवालात छापलं जातं. त्या आकड्यावर तिथे दरसाल भांडण होतं, तरी १९९६ पासून शर्यत तिथेच आहे. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. मग करांचे वाद आडवे आले. हा खेळ आहे की करमणूक, एवढा साधा प्रश्नसुद्धा सरकारने आधी सोडवला नव्हता. ट्रॅक खासगी कंपनीने बांधला होता, तरी फॉर्म्युला वन तिथे पुन्हा आली नाही.

शर्यतीचं वेड आपल्या महाराष्ट्र-तेलंगणा सीमाभागाला शिकवायला नको. शंकरपटात बैलजोडी सुटली की सगळा माळ उभा राहतो आणि त्याच पटाला वर्गणी मागणाऱ्या मंडळाला गावातला कुणीही हिशेब विचारू शकतो. तेवढाच हक्क सरकारच्या शर्यतींबाबतही हवा. पुढे तेलंगणाने कुठलीही जागतिक शर्यत आणायची ठरवली तर सही होण्याआधी करार विधानसभेत मांडावा. प्रायोजक पळाला तर भरणार कोण आणि सरकार बदललं तर दंड किती, हेही त्यात लिहिलेलं असावं. त्याचा गोषवारा तेलुगूत, उर्दूत आणि आमच्या भागासाठी मराठी व गोंडीतही द्यावा. रद्द झालेल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, आमच्याकडच्या केस्लापुरात गोंडांच्या नागोबा देवाची जत्रा सुरू झाली होती. त्यासाठी मेश्राम कुळातली मंडळी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि जत्रेच्या दरबारात अधिकारी लोकांसमोर बसून गाऱ्हाणी ऐकतात. करार वाचून दाखवायला ती जागाही चालेल.